नत्राची पाठवणी

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात रोज सकाळी एक साधी चाचणी होते. ऑपरेटर हवा भरण्याच्या टाकीतून थोडे पाणी काढतो आणि एक लिटरच्या उभ्या मोजपात्रात ओततो. पाणी गढूळ, चॉकलेटी रंगाचे. मिनिटभर काहीच होत नाही. मग कण एकमेकांना धरू लागतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके खाली बसू लागतात. अर्ध्या तासाने तळाशी गाळ आणि वर बऱ्यापैकी नितळ पाणी अशी सरळ फाळणी झालेली असते. गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला ते वहीत लिहायचे, पात्र धुऊन ठेवायचे, की चाचणी संपली.

पात्र धुवायचे राहून गेले तर मात्र तासा-दोन तासांनी गंमत दिसते. तळाच्या गाळात टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरू लागतात. गाळाचा एखादा लगदा सुटतो आणि डुलत डुलत वर येतो. त्याच्यामागून दुसरा. बघता बघता तळ रिकामा होतो आणि सगळा गाळ पाण्यावर तरंगू लागतो. पात्राला टिचकी मारली की बुडबुडे फुटतात आणि गाळ पुन्हा खाली जातो. ऑपरेटरला हे आवडत नाही, कारण हाच प्रकार निवळण टाकीत झाला तर गाळ शुद्ध पाण्याबरोबर बाहेर वाहून जातो आणि तपासणीला आलेला माणूस नेमके तेच सॅम्पल घेतो.

पण ते बुडबुडे नायट्रोजनचे आहेत. आपल्याभोवतीच्या हवेत 78 टक्के असलेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा तो वायू. आदल्या दिवशी तो कुणाच्या तरी वरणात होता, आज सकाळी मोरीतून केंद्रात आला आणि आता हवेत निघाला आहे. शहराच्या सांडपाण्यातला नायट्रोजन, शेतकऱ्याच्या भाषेत नत्र, नदीत जाऊ न देता असा हवेत परत धाडणे ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर आणि परवडणाऱ्या खर्चात करू शकणारे एकच कामगार आजवर सापडले आहेत, ते म्हणजे बॅक्टेरिया. त्यांना काम कसे करायचे ते शिकवावे लागत नाही. त्यांना हवी तशी जागा देणे आणि तिथून ते वाहून जाणार नाहीत हे पाहणे, एवढेच आपल्याकडे उरते. या एवढ्याशा कामात माणसाची जवळजवळ दीडशे वर्षे गेली आहेत.

आधी या नत्राचा प्रवास पाहू, कारण त्यात एक मोठा विनोद दडलेला आहे. हवेतला नायट्रोजन असा सहजासहजी कुणाच्या हाती लागत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तीन बंधांनी घट्ट धरून असतात. ते बंध तोडून अमोनिया करण्याची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली आणि कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये ती कारखान्यात उतरवली. आपल्याकडे अलिबागजवळ थळला हेच चालते: नैसर्गिक वायू, प्रचंड दाब, प्रचंड उष्णता आणि शेवटी युरियाची गोणी. तो युरिया शेतात पडतो, त्यातला काही भाग पिकात जातो, पिकातून ताटात येतो. वाढती मुले सोडली तर जेवणातून पोटात गेलेले नत्र आपण जवळजवळ सगळेच बाहेर टाकतो आणि त्यातले बहुतेक लघवीतून, पुन्हा युरियाच्याच रूपात. माणशी रोजचे साधारण 10 ग्रॅम धरले, तर 10 लाखांच्या शहरातून रोज 10 टन नत्र गटारात उतरते. म्हणजे जे नत्र हवेतून ओढायला आपण इंधन जाळले, तेच हवेत परत घालवायला पुन्हा वीज जाळायची. मधल्या मुक्कामात पोट भरले एवढाच नफा, आणि तो नफा लहान नाही, हेही कबूल केले पाहिजे.

गटारात गेल्यावर युरिया काही तासांत फुटतो आणि अमोनिया होतो. सार्वजनिक मुतारीचा नाकाला झोंबणारा वास तो हाच. हा अमोनिया नदीत गेला की काय होते, हे थोडक्यात सांगतो, कारण निम्मी गोष्ट डोळ्यांना दिसतेच. पाण्याचा सामू चढला की अमोनिया माशांना विषासारखा बाधतो. शेवाळ आणि जलपर्णीला तो खत म्हणून लागू पडतो. शेवाळ मेले की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. खाडीत आणि समुद्राच्या काठाला तर शेवाळाची वाढ बहुधा नत्रावरच अडलेली असते. नत्र मिळाले की ती सुटते. आणि नदीच्या खालच्या अंगाला ज्यांचे पिण्याचे पाणी आहे त्यांचे हाल वेगळेच. दिल्लीत हिवाळ्यात यमुनेतला अमोनिया वाढला की वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राला उत्पादन कमी करावे लागते आणि टँकर धावू लागतात, अशी बातमी जवळजवळ दरवर्षी येते. कारण अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. पाण्यातला एक भाग अमोनिया-नत्र मोडायला आठ-दहा भाग क्लोरीन जातो, आणि तोवर जंतू मारायला काही उरत नाही.

निसर्गात या अमोनियाची वासलात लागते कशी, हे 1877 पर्यंत कुणाला नीट ठाऊक नव्हते. मातीत अमोनियाचा नायट्रेट होतो एवढे माहीत होते. हवेतला ऑक्सिजन आणि मातीतले क्षार मिळून ते करत असावेत, अशी रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. त्या वर्षी तेओफील श्लोझिंग आणि आशील म्युन्त्झ या दोघा फ्रेंच संशोधकांनी एका काचेच्या लांब नळीत वाळू आणि चुनखडीचा चुरा भरला आणि वरून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागला, वाढत गेला आणि शेवटी अमोनिया पार नाहीसा झाला. दोघांचा प्रश्न असा: हे नुसत्या रसायनांचे काम असते, तर ते पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. वीस दिवस कशाची वाट पाहत होते? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद. वाफ काढून टाकली, तरी तो परत सुरू होईना. मग बागेतली थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतले, आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा येऊ लागला. काम करणारे जिवंत होते. ते मेले होते आणि मातीतून नव्याने आले.

मला हा प्रयोग विज्ञानातल्या देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. काचेची नळी, वाळू, गटाराचे पाणी आणि धीर, एवढ्यावर तो झाला. शिवाय पुढच्या सगळ्या कहाणीचा खरा पेच त्या वीस दिवसांत आहे. हे बॅक्टेरिया सावकाश वाढतात. त्यांना वेळ दिला तर ते कुठेही जमतात. घाई केली तर कुठेच नाही. ज्यांनी घरी फिशटँक ठेवला आहे त्यांनी हे सोसले आहे. नवा टँक, स्वच्छ पाणी, चकचकीत काच, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मासे मरतात. फिल्टरच्या स्पंजवर अजून बॅक्टेरिया बसलेले नसतात आणि माशांचा अमोनिया तसाच साचत जातो. दुकानदार तो स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नका म्हणतो, ते याचसाठी.

त्या जिवांना वेगळे करून दाखवले सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी, झुरिचमध्ये, 1890 च्या सुमारास. तोवर बॅक्टेरिया वाढवायचे ते मांसाच्या रसावर नाहीतर जिलेटिनवर, आणि तिथे हे वाढतच नसत. विनोग्राद्स्कींनी सेंद्रिय खाद्य काढूनच टाकले. नुसते क्षार, अमोनिया आणि चुनखडी. तिथे ते आले. हे बॅक्टेरिया अमोनिया जाळून ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला कार्बन घेतात तो कर्बवायूतून, झाडासारखा, पण सूर्याशिवाय. त्यांनी हेही दाखवले की काम दोन टोळ्यांत वाटलेले आहे: एक टोळी अमोनियाचा नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांत हे असेच होते. मग 2015 मध्ये व्हिएन्ना आणि नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले, की नायट्रोस्पिरा कुळातले काही बॅक्टेरिया दोन्ही पायऱ्या एकट्याने चढतात. एका गटाला ते मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये सापडले होते. इतकी वर्षे ते तिथेच होते. विचारले कुणी नव्हते.

आता शहराकडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या आधी मँचेस्टरच्या डेव्हिह्यूम इथल्या मैलापाणी केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे बाटल्यांत गटाराचे पाणी भरून त्यात हवा सोडत बसले होते. शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना उजेड लागू दिला नव्हता. पाण्यातला सगळा अमोनिया नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. पाच आठवड्यांत तर शहराचे इतके पाणी येईल की ठेवायला जागा उरणार नाही. इथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचे नितळ पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ बाटलीत राहू दिला आणि त्यावर नवे गटाराचे पाणी भरले. दुसऱ्या वेळी काम लवकर झाले, तिसऱ्या वेळी आणखी लवकर. गाळ वाढत गेला तशी वेळ आटत गेली आणि शेवटी चोवीस तासांच्या आत सगळा अमोनिया जाऊ लागला. दह्याचे भांडे रिकामे करताना विरजणापुरते मागे ठेवावे, तसे हे. फरक एवढाच की यांनी चमचाभर ठेवून भागवले नाही, सगळेच विरजण राखले. 3 एप्रिल 1914 रोजी त्यांनी हे जाहीर केले आणि त्या गाळाला नाव दिले ॲक्टिव्हेटेड स्लज. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचे मैलापाणी याच पद्धतीने शुद्ध होते. या दोघांना कामाला लावणारे त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे येण्याची वाट फारशी लांबची नव्हती.

एक गोष्ट मात्र लोक विसरले. आर्डर्न-लॉकेट यांची कसोटी अमोनिया जाण्याची होती. पुढे केंद्रे उभी राहिली तेव्हा कसोटी बदलली. पाण्यातली सेंद्रिय घाण खाणारे बॅक्टेरिया झपाट्याने वाढतात. गाळ टाकीत दोन-तीन दिवस राखला तरी त्यांना पुरते. अमोनिया खाणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नत्राचा नायट्रेट करायला 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. वरच्या 10 टनांच्या शहरासाठी तो रोज जवळजवळ 46 टन होतो आणि तो पाण्यात घालायचा म्हणजे हवा भरणाऱ्या ब्लोअरच्या विजेचे बिल. तेव्हा खर्च वाचवायला गाळ लवकर लवकर काढून टाकायचा, बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, उतरली की पाणी सोडून द्यायचे, हा शिरस्ता पडला. पाणी दिसायला स्वच्छ, अहवालात पास, आणि अमोनिया जवळजवळ पूर्वीइतकाच. जाणारे नत्र फारतर गाळाच्या अंगात जेवढे मुरेल तेवढेच.

बरे, अमोनियाचा नायट्रेट झाला म्हणून नत्र गेले का? नाही, त्याने फक्त कपडे बदलले. शेवाळाला नायट्रेटही तितकाच चालतो, आणि पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्याला हवेत धाडणारे बॅक्टेरिया वेगळे. ते तुमच्या-आमच्यासारखेच सेंद्रिय अन्न खातात आणि ऑक्सिजनवर जगतात. फक्त ऑक्सिजन संपला की नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेऊन श्वास चालू ठेवतात. उरतो तो नायट्रोजन वायू. उलिस गायाँ आणि त्यांचे सहकारी द्यूप्ती यांनी फ्रान्समध्ये 1880 च्या दशकातच हे दाखवले होते. मोजपात्रातला गाळ वर येतो त्याचे कारण हेच: पात्र उभे ठेवले, हवा बंद झाली, गाळातला ऑक्सिजन संपला आणि मंडळी नायट्रेटकडे वळली.

अडचण क्रमाची आहे. नायट्रेट करणाऱ्या टोळीला भरपूर हवा लागते आणि सेंद्रिय अन्न नको असते. नायट्रेट मोडणाऱ्या टोळीला हवा नको आणि अन्न हवे. आधी हवेची टाकी ठेवली तर तिथेच सगळे अन्न जळून जाते आणि दुसऱ्या टाकीत नायट्रेट असतो पण जेवण नसते. यावर एक उपाय दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी 1970 च्या दशकात रुळवला: हवा नसलेली टाकी आधी ठेवायची, तिथे ताजे मैलापाणी सोडायचे आणि मागच्या हवेच्या टाकीतले नायट्रेटचे पाणी पंपाने पुन्हा पुढे आणायचे. पाणी गोल गोल फिरते आणि प्रत्येक फेरीत थोडे नत्र हवेत निघून जाते. सगळे नत्र मात्र असे कधीच जात नाही, कारण शेवटच्या फेरीतला नायट्रेट परत न फिरता बाहेर पडतो.

दुसरा उपाय पैशाचा: अन्न बाहेरून विकत आणायचे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहराने हे केले. 1970 च्या दशकात टँपाच्या उपसागराचे पाणी शेवाळाने इतके दाटले होते की तळापर्यंत ऊन पोचत नव्हते आणि तळावरचे समुद्री गवत मरत चालले होते. हे गवत म्हणजे लहान माशांचा आसरा आणि मॅनटी या सागरी सस्तन प्राण्याचा चारा. राज्याने कायदाच केला. उपसागरात सोडायच्या मैलापाण्यात नत्र लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, असा दंडक पुढे पक्का झाला. 1979 मध्ये टँपाच्या हुकर्स पॉइंट इथल्या केंद्रात नवी व्यवस्था सुरू झाली: आधी हवा देऊन सगळ्याचा नायट्रेट करायचा, मग ते पाणी वाळूच्या खोल थरांतून गाळायचे आणि त्यात मिथेनॉल घालायचे. वाळूच्या कणांवर बसलेले बॅक्टेरिया ते मिथेनॉल खातात आणि नायट्रेटचा नायट्रोजन करतात. वाळूतही तेच बुडबुडे साचतात आणि गाळणी तुंबू लागते, म्हणून मधून मधून खालून पाण्याचा झोत मारून नायट्रोजन हवेत सोडून द्यावा लागतो.

शेवाळ कमी झाले तरी समुद्री गवत लगेच आले नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते साधारण 21,600 एकरांवर होते. 1950 च्या सुमाराच्या प्रमाणावर आधारलेले 38,000 एकरांचे उद्दिष्ट गाठायला 2015 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. तोवर आजूबाजूची लोकवस्ती भरमसाट वाढली होती, तरी हे घडले. त्याचे श्रेय एकट्या केंद्राचे नाही. खत कारखाने, वीज केंद्रे, पावसाचे वाहते पाणी या सगळ्यांवर काम झाले. 2016 नंतर गवत पुन्हा घटू लागले आणि 2021 मध्ये पायनी पॉइंट या बंद पडलेल्या खत कारखान्याच्या तळ्यातले नत्रयुक्त सांडपाणी उपसागरात सोडावे लागले. तेव्हा टँपाची गोष्ट सुफळ संपूर्ण नाही. पण शहराच्या मैलापाण्यातले नत्र खरेच अडवले तर पाण्याचा तळ बदलतो, याला तिच्याइतका चांगला दाखला मला माहीत नाही.

या सगळ्यावर विजेचा आणि मिथेनॉलचा खर्च आहेच. तो टाळणारे बॅक्टेरिया असू शकतील, हे कागदावर मांडले होते व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी, 1977 मध्ये. त्यांनी ऊर्जेचा हिशेब केला: अमोनिया आणि नायट्राइट यांना हवेशिवाय एकत्र आणून थेट नायट्रोजन केला, तर त्यातून ऊर्जा सुटते. ऊर्जा सुटत असेल, तर तिच्यावर जगणारा कुणीतरी असायला हवा. तो निसर्गात अजून दिसलेला नाही, असे त्यांनी लिहिले. लोकांनी ते वाचले आणि ठेवून दिले.

मग नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला यीस्ट बनवणाऱ्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीच्या सांडपाण्याच्या रिॲक्टरमध्ये हिशेब जुळेना. तिथे आर्नल्ड मुल्डर यांच्या लक्षात आले, की हवा नसलेल्या टाकीत नायट्रेटबरोबर अमोनियाही नाहीसा होतो आहे, आणि तो तिथे नाहीसा होण्याचे काही कारण नव्हते. मुल्डर आणि डेल्फ्ट विद्यापीठातल्या खेइस क्यूनन यांच्या गटाने 1990 च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला आणि 1999 मध्ये तो बॅक्टेरिया ओळखला गेला. कंपनीच्या नावावरून त्याला ब्रोकेडिया म्हणतात आणि या क्रियेला ॲनामॉक्स. हा प्राणी विचित्र आहे. रंगाने लाल. पेशीच्या आत आणखी एक बंद कप्पा. या कप्प्यात हायड्राझिन तयार होते, जे माणूस अग्निबाणाचे इंधन म्हणून वापरतो. त्या कप्प्याच्या भिंतीतली मेदद्रव्ये शिडीसारख्या आकाराची आणि दाट रचलेली, अशी मेदद्रव्ये दुसऱ्या कुठल्या जिवात आढळलेली नाहीत. आणि वाढ इतकी मंद की दुप्पट व्हायला दहा-अकरा दिवस. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो.

याचा फायदा असा, की निम्म्या अमोनियाचा फक्त नायट्राइट करून थांबायचे आणि उरलेला निम्मा अमोनिया त्याच्याबरोबर या लाल बॅक्टेरियांपुढे ठेवायचा. ऑक्सिजन सुमारे 60 टक्के वाचतो आणि मिथेनॉल अजिबात लागत नाही. पहिला मोठा रिॲक्टर 2002 मध्ये रॉटरडॅमला डोकहावन केंद्राच्या गाळ प्रक्रियेत बसला. डोकहावन हे केंद्र बुजवलेल्या जुन्या गोदीत जमिनीखाली आहे आणि वर बाग आहे. रिॲक्टर फक्त 70 घनमीटरचा. त्यात शहराचे सगळे पाणी जात नाही. कुजवलेला गाळ पिळल्यावर निघणारे काळपट, कोमट, अमोनियाने भरलेले पाणी जाते. असले पाणी कोणत्याही केंद्रात एकूण प्रवाहाच्या एक-दोन टक्के असते, पण शहराच्या नत्राचा 15 ते 20 टक्के वाटा त्यात एकवटलेला असतो. सुरू करायला जगात कुठेच पुरेसा लाल गाळ नव्हता. प्रयोगशाळेतला मूठभर वाढवत वाढवत रिॲक्टर पूर्ण ताकदीने चालायला साडेतीन वर्षे लागली. साडेतीन वर्षे एक टाकी भरायची वाट पाहणारी संस्था मिळणे, हाही या शोधाचा एक भाग मानायला हवा. पुढच्या रिॲक्टरांना रॉटरडॅमचा गाळ मिळाला आणि ते काही महिन्यांत मार्गी लागले.

आता नाल्याकडे. आपल्याकडे दर काही महिन्यांनी बातमी येते, की अमुक नाल्यात किंवा तळ्यात जिवाणूंचे द्रावण सोडले, दुर्गंधी गेली, पाणी स्वच्छ झाले. कॅनमधून नाल्यात काहीतरी ओतत असलेल्या अधिकाऱ्यांचा फोटोही असतो. वास काही दिवस कमी होतो हे खरे असू शकते. नत्राच्या बाबतीत मात्र हिशेब करून पाहावा. उघड्या नाल्यातले पाणी काही तासांत खाडीला मिळते. मिठी नदीसुद्धा उगमापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम 18 किलोमीटर आहे. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया चांगल्या उबदार पाण्यातही दुप्पट व्हायला दिवसभर घेतात आणि नाल्यात ऑक्सिजन जवळजवळ शून्य असतो. ज्याला श्वास घ्यायला हवा नाही आणि वाढायला वेळ नाही, तो कितीही कॅन ओतले तरी समुद्रातच जाणार. शिवाय नाल्यात त्यांचे भाऊबंद मुळात कमी नसतात. मातीतून, गटारातून ते येतच असतात. श्लोझिंग-म्युन्त्झ यांना बागेतली चिमूटभर माती पुरली होती. टिकून राहायला पृष्ठभाग आणि हवा दिली, तर नाल्यातही काम होते: दगडगोट्यांचे थर, त्यावरून खळाळत जाणारे पाणी, काठाला कर्दळ आणि पाणकणीस. नागपूरच्या नीरी संस्थेचे फायटोरिड तंत्र याच वाटेने जाते; खडीच्या वाफ्यात पाणवनस्पती लावलेल्या असतात आणि मुळांभोवती काही ठिकाणी हवा, काही ठिकाणी नाही, अशी दोन्ही टोळ्यांची सोय होते. त्याला जागा मात्र भरपूर लागते, आणि वस्तीतून जाणाऱ्या नाल्याच्या काठाला जागा म्हणजे काय हे सांगायला नको.

म्हणून शेवटी केंद्रांकडेच यावे लागते, आणि तिथे नियमांचा खेळ आहे. केंद्र सरकारच्या 2015 च्या मसुद्यात मैलापाणी केंद्रांसाठी एकूण नत्र लिटरला 10 मिलिग्रॅम आणि अमोनिया 5 मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली होती. ऑक्टोबर 2017 च्या अंतिम अधिसूचनेतून नत्र वगळले गेले. एप्रिल 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 10 मिलिग्रॅमचा आकडा परत आणायला सांगितला. जे मोजायचेच नाही ते काढायला ब्लोअर कोण चालवील, हा साधा व्यवहार आहे.

उष्ण हवामान इथे आपल्या बाजूचे आहे. रॉटरडॅमला हिवाळ्यात पाणी गार पडले की नत्राचे बॅक्टेरिया सुस्तावतात. आपल्याकडे मैलापाणी वर्षाचा बराच काळ पंचवीस अंशांच्या वर असते. सिंगापूरच्या चांगी केंद्रात पाणी तीस अंशांच्या आसपास असते, आणि तिथे तर मुख्य प्रवाहातच ॲनामॉक्स बॅक्टेरिया आपोआप जमलेले आढळले. ते कुणी आणून सोडले नव्हते. टाक्यांची रचना, हवेच्या आणि बिनहवेच्या पाळ्या त्यांना मानवल्या. उष्णतेची दुसरी बाजूही आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. आणि हवा अर्धवट दिली की नायट्रोजनऐवजी नायट्रस ऑक्साइड सुटू लागतो, जो तापमानवाढीच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे 270 पट भारी पडतो. नदी वाचवताना आकाश बिघडवायचे नसेल तर हवेचे मीटर डोळ्यांपुढे असावे लागतात.

नवी मुंबईसारख्या ठिकाणी अलीकडे जी केंद्रे झाली, ती एसबीआर पद्धतीची आहेत. त्यांत एकाच टाकीत पाणी भरायचे, हवा द्यायची, हवा बंद करायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढायचे, अशा पाळ्या घड्याळावर चालतात. दोन्ही टोळ्या त्याच गाळात असतात. कोणी कधी काम करायचे ते ब्लोअरचा टायमर ठरवतो. हवा बंद असताना बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, तेव्हा दर ग्रॅम नत्रामागे 2.86 ग्रॅम ऑक्सिजनइतके काम फुकटात होते. म्हणजे अमोनियासाठी जो 4.57 ग्रॅम घातला, त्यातला निम्म्याहून जास्त वसूल होतो. नवी टाकी बांधावी लागत नाही की बाहेरून काही विकत आणावे लागत नाही. पाणी भरत असताना, म्हणजे ताजे अन्न आत येत असताना, ब्लोअर किती वेळ बंद ठेवायचा आणि गाळ किती दिवस राखायचा, हे दोन आकडे ठरवायचे असतात, आणि ते बरोबर ठरलेत की नाही हे बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट रोज मोजला तरच कळते.